यंत्राचं ‘बहुधा’

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, अशांना सरकारदरबारी ओळख मिळावी, हा हेतू सांगितला गेला होता. हेतू चांगलाच होता. पण ‘हा माणूस तोच आहे का?’ हा प्रश्न कारकुनाकडून काढून बोटाचे ठसे वाचणाऱ्या यंत्राकडे सोपवला की काय होतं, याचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही.

बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याची कल्पना कारभारात उतरली ती याच भूमीवर. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. उद्या सही नाकारली तर पंचाईत नको, इतकाच उद्देश. पुढे हुगळीत त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे ठेवायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाची पेन्शन नातेवाईक उचलतात असा संशय होता. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. तिच्यामागचं डोकं मात्र बऱ्याच अंशी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचं होतं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय उघडलं. म्हणजे या शास्त्राच्या मुळाशीच रयतेबद्दलचा अविश्वास आहे. आजही पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. फरक इतकाच, की २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून आणि अलीकडे चेहऱ्यावरूनही देता येतो.

आता यंत्र काय करतं ते पाहू. बोटावरच्या रेघा कुठे संपतात, कुठे फुटतात, याची ते टिपणं करतं. नव्याने ठेवलेल्या बोटाची टिपणं जुन्यांशी ताडून पाहतं आणि साम्याला गुण देतं. एकाच बोटाचे दोन ठसे कधीच हुबेहूब उमटत नाहीत. दाब बदलतो, घाम असतो, कातडी कोरडी पडते. म्हणून यंत्राचं खरं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नसतंच. ते ‘बहुधा’ असतं. किती गुणांवर या ‘बहुधा’चा ‘हो’ करायचा, ती रेघ माणसं ठरवतात. रेघ वर नेली तर तोतये अडतात, पण हक्काची माणसंही परत जातात. खाली आणली तर हक्काचे सगळे आत येतात, त्यांच्याबरोबर काही तोतयेही. यंत्र तेच ठेवून दोन्ही चुका एकदम कमी करता येत नाहीत. चोर सुटू नये याची काळजी जास्त, की उपाशी माणूस परत जाऊ नये याची? हा प्रश्न अभियंत्याच्या टेबलावर सुटणारा नाही. तो राजकारणाचा आणि नीतीचा आहे, आणि निवडणुकीच्या सभेत तो कधीही ऐकू येत नाही.

रेशन दुकानात मात्र हा प्रश्न रोज दिसतो. म्हातारी पदराला बोट पुसून यंत्रावर ठेवते. थंब लागत नाही. दुकानदार दुसरं बोट ठेवायला सांगतो, मग तिसरं. शेवटी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’. जन्मभर खुरपणी केलेल्या, विटा उचललेल्या, ऊस तोडलेल्या हातांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. ज्यांना धान्याची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच बोटं यंत्राला वाचता येत नाहीत. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. बँकांचं ९५, दूरसंचार कंपन्यांचं ९७. हे आकडे माणसांचे नव्हेत, व्यवहारांचे आहेत, आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर कित्येकांचं काम होतही असेल. तरी शंभरातले बारा!

कोर्टातली कहाणीही ऐकण्यासारखी आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारविरुद्ध याचिका केली. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद सरकारने केला. त्याला १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा टेकू होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो फेटाळला. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क नाकारणारा १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला, ज्यावर बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड यांची सही होती.

वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक मतांनी आधार कायदा बराचसा टिकवला. खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा काढली, अनुदान-योजनांसाठीची सक्ती ठेवली. थोडे वगळले जातात म्हणून सगळी योजना मोडीत काढू नये, उणिवा दुरुस्त कराव्यात, असा बहुमताचा सूर होता. विरोधातलं एकमेव मत चंद्रचूड यांचं. कायदा धन विधेयक म्हणून लोकसभेतून रेटला, राज्यसभेला नाममात्र ठेवलं, यावर त्यांनी कडक ताशेरे ओढले. माणसाचा हक्क संभाव्यतेच्या गणितावर टांगता येत नाही, असंही त्यांनी मांडलं. माझ्या मते या दुसऱ्या मुद्द्यावर ते बरोबर होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने नागरिकाला काही हक्क दिले खरे, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची दारंही उघडी ठेवली.

आधारमुळे अनुदानातली गळती थांबली हा सरकारचा दावा अगदीच पोकळ नाही. पैसे थेट खात्यात येऊ लागले, मधले हात कमी झाले, हे खेड्यातली माणसंही सांगतात. पण यंत्र चुकलं तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे ठरलेलंच नाही, म्हणून तो आपोआप सर्वांत कमजोर माणसाच्या माथी येतो. कागदावर मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे, की पडताळणी झाली नाही म्हणून कुणाचा लाभ नाकारू नये, अशा लोकांसाठी वेगळी सोय करून नोंद ठेवावी. तुमच्यासमोर कुणी म्हातारी थंब लागला नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन निघाली असेल, तर तिला थांबवा आणि दुकानदाराला विचारा, ही नोंद कुठे करता?