शिक्षेनंतरचा गुन्हा : लेखांक ५ – जोखमीचे मोजमाप

सुटका झालेल्या बंद्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कोणत्याच उपक्रमाने कमी होत नाही, अशी समजूत रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या १९७४ सालच्या लेखामुळे अमेरिकेत कशी रुजली, हे मागील लेखांकात पाहिले. या समजुतीला नेमके उत्तर कॅनडातून मिळाले. डॉन अँड्र्यूज, जेम्स बॉन्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जोखीम, गरज आणि अनुरूपता अशी तीन तत्त्वे मांडली. त्यांपैकी पहिले तत्त्व सांगायला सोपे असले, तरी पचायला सर्वांत जड आहे.

येथे जोखीम म्हणजे पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता. केलेल्या गुन्ह्याच्या गांभीर्याशी तिचा थेट संबंध नसतो. रागाच्या भरात आयुष्यात एकदाच खून केलेल्या माणसाची जोखीम कमी असू शकते आणि वारंवार किरकोळ चोऱ्या करणाऱ्या तरुणाची ती कितीतरी अधिक असू शकते, ही गोष्ट न्यायाच्या रूढ कल्पनेला रुचणारी नाही. ही शक्यता अधिकाऱ्याच्या अंदाजावर न सोडता प्रश्नावलीने मोजली जाते. कॅनडात विकसित झालेल्या अशा एका प्रसिद्ध प्रश्नावलीत ५४ बाबी असून त्यांत पूर्वीच्या गुन्ह्यांबरोबरच रोजगार, संगत, व्यसन आणि कायद्याविषयीची वृत्ती यांची नोंद होते. (पूर्वीच्या अटकांची संख्या पोलिसांची नजर कोणत्या वस्तीवर असते यावरही अवलंबून असते, हा आक्षेप रास्त आहे आणि प्रश्नावलीचा गुणांक पाहताना तो विसरता येत नाही.)

सखोल उपचार आणि देखरेख अधिक जोखमीच्या व्यक्तींसाठी राखून ठेवावी आणि कमी जोखमीच्या व्यक्तींना त्यात शक्यतो ओढू नये, असे हे तत्त्व सांगते. ओहायो राज्यात कारागृह आणि समाज यांच्यामधला टप्पा म्हणून चालवल्या जाणाऱ्या निवासगृहांचा ख्रिस्तोफर लोवेनकँप आणि एडवर्ड लटेसा यांनी अभ्यास केला, तेव्हा अधिक जोखमीच्या गटात पुनर्गुन्ह्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी घटलेले, तर कमी जोखमीच्या गटात अनेक ठिकाणी ते उलट वाढलेले दिसले. ज्याला नोकरी, कुटुंब आणि सरळमार्गी मित्र आहेत, त्याला या आधारांपासून तोडून सराईत गुन्हेगारांच्या सहवासात ठेवले, की त्याला सावरून धरणाऱ्या गोष्टीच सैल होतात, हे त्याचे संभाव्य कारण होय.

जोखीम न मोजता यशाचा दावा केला की काय घडते, हे न्यू जर्सीतील राहवे कारागृहाच्या उपक्रमावरून कळते. तेथील जन्मठेपेचे बंदी किशोरवयीन मुलांना तुरुंगातील जीवनाचे भीषण वर्णन ऐकवून धाक घालत. १९७८ च्या माहितीपटाने या उपक्रमाला अफाट प्रसिद्धी दिली आणि त्या माहितीपटाला ऑस्करही मिळाले. जेम्स फिंकेनॉअर यांनी पडताळणी केली, तेव्हा पाठवलेल्यांपैकी कित्येक मुले मुळात गुन्हेगारीकडे वळलेलीच नव्हती आणि उपक्रमात सहभागी न झालेल्या तुलनागटातील मुलांची स्थिती अधिक चांगली होती, असे आढळले. अशा उपक्रमांवरील प्रयोगांच्या पुढील एकत्रित परीक्षणानेही त्यांतून हानीच होते, असा निष्कर्ष काढला.

महाराष्ट्रातील खुल्या कारागृहांना हीच कसोटी लागू होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत, जिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट सुचला, बंदी कुटुंबासह राहून शेती करतात, ही व्यवस्था माणुसकीच्या दृष्टीने निःसंशय श्रेष्ठ आहे. मात्र तेथे चांगल्या वर्तनाचे बंदी निवडून पाठवले जात असल्याने, त्यांच्यातील पुनर्गुन्ह्याचे प्रमाण कमी आढळले तरी तेवढ्यावरून श्रेय वसाहतीला देता येत नाही. त्यासाठी तितक्याच जोखमीच्या, पण बंद कारागृहातून सुटलेल्या बंद्यांची आकडेवारी शेजारी मांडावी लागेल.