रविवारची यादी

शनिवार, दुपारचे चार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीच्या तोंडाशी उभा आहे. पहिली पाळी वर येतेय. इन्क्लाइनच्या, म्हणजे खाली उतरणाऱ्या बोगद्याच्या, काळोखातून आधी टोपीवरचे दिवे दिसतात, मग गमबूट. चेहरे ओळखू येतात ते अगदी जवळ आल्यावर. लॅम्प रूमच्या खिडकीत दिवे जमा होतात, पण घराकडे कुणीच वळत नाही. सगळे नोटीस बोर्डाशी दाटी करतात. उद्याच्या ड्यूटीची यादी लागलीये, आणि रविवारचा पगार दुप्पट.

"माह्यं नाव हाय का गा?"

"हाय ना. पंपावर."

विचारणारा पंप खलाशी आहे, पन्नाशीचा. खाणीतलं पाणी उपसायचं थांबलं तर खालचे रस्ते बुडतील. पंपाला सुट्टी नाही, म्हणून यालाही नाही. "पोरीले भेटाले जाच होतं नागपूरले," तो माझ्याकडे न बघताच म्हणतो. मग हळूच, "पर संडे सोडला का महिन्याचा हिशोब हलते."

शेजारी खाणीतला सरदार, म्हणजे पाळीची सुरक्षा बघणारा, घाम पुसतोय. १९५२च्या खाण कायद्यानं जमिनीखाली दिवसाला आठ तास ठरवले. त्यातला बराच वेळ फेसपर्यंत, म्हणजे कोळसा काढायच्या जागेपर्यंत, चालत जाण्या-येण्यात जातो. पोचल्यावर आधी वायू तपासायचा, छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर आधी आधार द्यायचा. ऑफिसात मात्र एका माणसानं एका पाळीत किती टन काढले, एवढंच मोजतात. त्याला म्हणायचं उत्पादकता.

"छत ठोकाले लागते तो वेळ कोणत्या टनात धरता?" सरदार विचारतो. खरं तर पडलं नाही ते छत हीच त्याची दिवसाची कमाई, पण तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

तेवढ्यात हाजरीच्या खिडकीशी आवाज चढतो. एका तरुण लोडरचं नाव यादीत नाही. उद्याचा अख्खा दिवस मोकळा मिळाला म्हणून हा माणूस भांडतोय! "मले काहून नाही? घराचा हप्ता हाय माह्या."

"याले देऊन टाका माह्या संडे," खलाशी पुढे होतो. "मी नागपूरले जातो."

खिडकीतला बाबू मान वर करत नाही. "पंप चालवाचा परवाना हाय का त्याच्यापाशी?"

नाही. दोघंही खिडकीपासून बाजूला होतात आणि मागचा पुढे सरकतो.