सूर्याच्या विजेचा वायदा आणि मागाचा हिशेब

यंत्रमागाच्या धंद्यात सुताच्या भावानंतर माणसाची झोप उडवते ते विजेचे बिल. म्हणून हातकणंगले-इचलकरंजीच्या बाजारात कोणी "आता सूर्यासारखी वीज येणार, जवळजवळ फुकट मिळणार" असे म्हटले की सगळे कान टवकारतात. छपरावर सौर पॅनेल बसवावे की थांबावे, कर्ज काढून नवे माग घ्यावेत की नाही, हे निर्णय अशा बोलण्यावर रेंगाळतात. सबब या विजेचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने मांडावा, असे आम्हांस वाटले.

आजच्या अणुभट्टीत युरेनियमचा अणू फोडतात. या नव्या रीतीत हायड्रोजनच्या जातीचे दोन हलके अणू जोडतात. सूर्याच्या पोटात असेच चालते. मात्र जमिनीवर ते घडवायला सुमारे १५ कोटी अंश उष्णता लागते. तेवढा तप्त वायू कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून त्याला चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात.

वायदा जुना आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनेव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय वापरावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा. ही शक्ती काबूत आणण्याची रीत २० वर्षांत सापडेल, असा अंदाज त्यांनी तेथे मांडला. पुढे १९६१ मध्ये साल्झबर्गपासून केवळ या विषयाच्या परिषदा सुरू झाल्या. २७ वी परिषद ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याच देशात, गांधीनगरला झाली. तेथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे यंत्र १९८९ पासून आहे. भाभांची मुदत कधीच उलटून गेली, तरी या विजेवर चालणारा एकही माग जगात नाही.

आता जमाखर्च पाहू. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील प्रयोगशाळेत लेसरने २.०५ मेगाज्यूल शक्ती घातली आणि ३.१५ मेगाज्यूल निघाली. जगभर गाजावाजा झाला. आपल्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त घातली आणि पाऊण युनिटाहून थोडी जास्त मिळाली. पण तो लेसर चालवायला लाइनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० युनिटांवर वीज खर्ची पडली. सुताचा भाव आणि कापडाचा भाव एवढेच मांडून नफा काढावा, मजुरी-वीज वहीत धरूच नये, तसा हा नफा. शास्त्रज्ञांचे यश खरे आहे, परंतु तो धंदा नव्हे.

फ्रान्समध्ये भारतासह सात भागीदार 'ईटर' नावाचे प्रचंड यंत्र उभारत आहेत. २०२४ साली त्यांनी आपले वेळापत्रक बदलले. आता संशोधनाचा आरंभ २०३४ मध्ये धरला आहे. तेही प्रयोगाचे यंत्र आहे, त्यातून वीज तयार होणार नाही.

मग आपल्याला यात काहीच नाही का? आहे. या यंत्राभोवतीचे सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढेच रुंद पोलादी भांडे भारताने दिले. त्याचे भाग सुरतजवळ हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात बनले. शेवटचे भाग २०२० मध्ये रवाना झाले. सुरत आपण साड्यांसाठी ओळखतो, तेथेच ही जगाची ऑर्डर पुरी झाली. वीज अजून आलेली नाही, पण तिच्यापायी वेल्डर, फिटर आणि तपासनीस यांना काम मिळाले.

आमचा सल्ला दोन गोष्टींचा. फुकट विजेच्या भरवशावर आजचा निर्णय लांबवू नका. माग असो वा सौर पॅनेल, हिशेब आजच्या बिलावरच करा. दुसरे, दहावी झालेला मुलगा मागावर बसवण्याची घाई न करता त्याला आयटीआयमध्ये वेल्डिंगचा किंवा फिटरचा पक्का हुन्नर शिकवा. वायदा कधी पुरा होईल हे अल्लाह जाणे. हुन्नर मात्र आजही रोजी देतो.