पाताळातल्या पाहुण्यांचं बारसं!

पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, पण बारसं मात्र एकदम दणक्यात! समुद्राच्या तळाशी, जिथे उन्हाची एक तिरीपही पोहोचत नाही, तिथे कोळंबी-खेकड्यांची चिमुकली भावंडं राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांना अजून नावच नाही. शास्त्रज्ञांच्या हाती नवा पाहुणा लागला की सुरू होते नामकरणाची धमाल. चला तर मग, डुबकी मारू!

आडनाव आधी, नाव नंतर

माहीत आहे का? शास्त्रीय बारशात आडनाव पुढे आणि नाव मागे असतं! आधी जीनस, मग स्पीशीज. प्राण्यांच्या नावांची ही वही अधिकृतपणे उघडते १ जानेवारी १७५८ या तारखेला. त्याआधी ठेवलेलं नाव कितीही गोड असलं, तरी नियमात बसत नाही.

अंधाराचं लेकरू

पहिली एन्ट्री थेट चिलीच्या किनाऱ्यालगतच्या अटाकामा गर्तेतून. खोली ७,९०२ मीटर! आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक रचली तरी पाण्याच्या वर टोक दिसायचं नाही, पाचवं घ्यावंच लागेल.

तिथे आमिष लावलेल्या सापळ्यात २०२३ मध्ये चार पाहुणे सापडले. फिकट अंगाचे, जेमतेम चार सेंटिमीटरचे, पण वृत्तीने पक्के शिकारी. पुढचे पाय भक्ष्य झडप घालून पकडायला बनलेले! २०२४ मध्ये बारसं झालं: डुल्सिबेला कामानचाका. अँडीज पर्वतराजीतल्या लोकांच्या भाषांत कामानचाका म्हणजे अंधार. नाव तर नवंच, आडनावही कोरं करकरीत. अख्खं घराणंच नवीन निघालं!

पायच पाय चोहीकडे

हे डुल्सिबेला ज्या गटातलं, त्याचं नाव अँफिपॉड. माहीत आहे का, त्यांना पाय किती? छातीला सात जोड्या आणि पोटाला सहा जोड्या. काही पकडायला, काही चालायला, काही पोहायला, काही उडी मारायला. पायांना कामं वाटून दिली आहेत!

आई नंबर वन

बरेच खेकडे, कोळंब्या अंडी फुटली की पिल्लांना पाण्यावर सोडून देतात. अँफिपॉडची आई तसं करत नाही. तिच्या छातीखाली एक पिशवी असते. अंडी त्यातच वाढतात आणि बाहेर पडते ती आईची छोटी झेरॉक्स कॉपी. समुद्रातली कांगारूच की!

पोटात प्लास्टिक, नावात प्लास्टिक

आता जरा थांबा. हा पाहुणा मन हलवून जाणारा आहे.

प्रशांत महासागरातल्या मरियाना गर्तेत सहा ते सात हजार मीटर खोलीवर एक अँफिपॉड सापडला. माणसाने त्याला पाहण्याआधीच माणसाचा कचरा त्याच्यापर्यंत पोहोचला होता. एका पिल्लाच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू निघाला, मिलिमीटरपेक्षाही छोटा. तपासणीत तो पीईटीशी सुमारे ८४ टक्के जुळला. पीईटी म्हणजे तेच, ज्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचे कपडे बनतात.

२०२० मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं युरिथेनिस प्लास्टिकस. हे नाव जितक्या वेळा उच्चाराल, तितक्या वेळा बाटली आठवेल. आठवायलाच हवी.

अ‍ॅल्युमिनियमचं चिलखत

मूड बदलूया! जगातली सर्वांत खोल जागा म्हणजे चॅलेंजर डीप, सुमारे ११ किलोमीटर खोल. तिथल्या दाबात आणि थंडीत चुन्याचं कवच विरघळू लागतं. मग तिथला हिरोन्डेलिया गिगास काय करतो? चिखल खातो, पोटातल्या आम्लाने त्यातलं अ‍ॅल्युमिनियम सोडवतो आणि अंगावर त्याच्या जेलचा लेप चढवतो! जपानी संशोधकांनी हे गुपित २०१९ मध्ये उलगडलं.

बोनस नगेट: त्याच्या पोटात लाकूड पचवणारे एन्झाइमही आहेत. झाडापासून ११ किलोमीटर खाली!

रॉक ऑन!

बारशाला डीजे हवाच ना? मग भेटा मॅक्रोस्टायलिस मेटॅलिकोलाला. हे नाव मेटॅलिका या रॉक बँडवरून! नाव ठेवणारा जर्मन संशोधक टॉर्बेन रील बँडचा फॅन. पाहुणा साडेसहा मिलिमीटरचा, डोळे नाहीत, रंग नाही. हा आयसोपॉड गटातला. कुंडी उचलली की खाली गोळी होऊन बसणारा तो राखाडी किडा आठवतो? त्याच्याच गोतावळ्यातला.

पण मेटॅलिकाच का? कारण तो राहतो हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या समुद्रतळावर, जिथे मँगनीज, निकेल, कोबाल्ट भरलेले गोटे पसरले आहेत. म्हणजे घरदार सगळं हेवी मेटल!

एका दमात २६

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या अँफिपॉडचं २०१७ मध्ये चक्क सामुदायिक बारसं झालं. एकाच शोधनिबंधात २६ नवी नावं! त्यातल्या पोक आलेल्या एकाला नाव मिळालं क्वासिमोडो, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला कुबडा घंटावाला.

उपाशी राहण्याचा विक्रम

आयसोपॉडांतला दादा म्हणजे बाथिनोमस. जपानच्या तोबा मत्स्यालयातल्या एकाने २ जानेवारी २००९ रोजी एक मासा खाल्ला आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ काहीच खाल्लं नाही. त्याचाच एक भाऊबंद व्हिएतनामच्या मासळीबाजारात सापडला. ३२ सेंटिमीटरचा, किलोभर वजनाचा. त्याचं डोकं स्टार वॉर्समधल्या डार्थ व्हेडरच्या हेल्मेटसारखं, म्हणून २०२५ मध्ये नाव पडलं बाथिनोमस वेडेरी. जेवणाच्या ताटातून थेट विज्ञानाच्या पानात!

आत्याबाईंची कसोटी

नाव ठेवणं सोपं वाटतं? मग मायक्रोस्कोपला डोळा लावा. समोर तांदळाच्या दाण्याएवढा जीव. बारीक सुईने एकेक पाय सुटा करायचा, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा, काचेने झाकायचा. मग पायाच्या कडेचे केस मोजायचे आणि प्रत्येक केस कागदावर काढायचा. शेजारच्या प्रजातीला तीन केस आणि याला पाच? तोच फरक कदाचित नव्या नावाचं दार उघडतो! शेवटी एक नमुना संग्रहालयात कायमचा जपला जातो. त्याला म्हणतात होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मालक.

आणि हे आपल्याशी जोडलेलं कसं?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 'गवेषणी' जहाजावरून मेटॅलिकोलाच्या घरासारखेच धातूंचे गोटे हिंद महासागरातून १९८१ मध्ये वर काढले. आज मध्य हिंद महासागरातल्या ७५,००० चौरस किलोमीटर तळावर या गोट्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. एक गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात, आणि तेच गोटे कितीतरी जीवांचं घर आहेत.

म्हणून घराला हात लावण्याआधी घरात कोण कोण आहे, ते माहीत हवं. ज्याला नाव नाही, त्याची गैरहजेरी लागणार तरी कशी? बारसं म्हणजे हजेरीपटावरची पहिली नोंद!

कानात 'कुर्र' करायला या पाहुण्यांना आपल्यासारखे कान नाहीत. हरकत नाही. त्यांचं नाव आपल्या कानावर पडलं, की बारसं पार पडलं!