गाडीतला व्हीएचएफ संच : पारख कशी करावी?

समजा, दुकानात दोन व्हीएचएफ संच शेजारी ठेवले आहेत. एक हातात मावणारा, ५ वॅटचा. दुसरा गाडीत बसवायचा, ५० वॅटचा. दुसऱ्याची शक्ती पहिल्याच्या दहापट आहे. मग त्याचा आवाज दहापट लांब पोचेल का? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी ‘हो’ म्हणतील. विक्रेताही कदाचित तेच सांगेल. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. ते तसे का, हे समजले की रेडिओ संचाची पारख करण्याचे निम्मे काम झाले.

उदाहरणासाठी आपण पालघर तालुक्यातले घिवली हे समुद्रकाठचे गाव घेऊ. समोर अरबी समुद्र, जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र आणि आतल्या बाजूला बोईसर, तिथली औद्योगिक वसाहत व पश्चिम रेल्वेचा मार्ग. हौशी रेडिओचालकाला, म्हणजेच ‘हॅम’ला, लागणारे बहुतेक सगळे धडे एवढ्या परिसरात मिळतात.

या छंदाला दुसरीही एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २६ जुलै २००५ चा मुंबईतील महापूर या दोन्ही वेळी हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचे काम केले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले होते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून लहानमोठे भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा वेळी जो संच हाताशी असेल तोच कामाचा. तो किती कामाचा आहे, हे मात्र संकट येण्याआधीच तपासलेले असावे लागते.

क्षितिजाची मर्यादा

व्हीएचएफ म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचे तरंग. यांपैकी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा भारतातील हौशी चालकांना वापरता येतो. १४५ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर येते, म्हणून या पट्ट्याला ‘दोन मीटर पट्टा’ म्हणतात. लघुलहरींप्रमाणे हे तरंग आयनांबरावरून सहसा परत फिरत नाहीत. ते जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे! त्यामुळे अँटेना किती उंच, यावर पल्ला ठरतो.

हवेतून जाताना तरंग किंचित खाली वाकतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. आलेले उत्तर म्हणजे क्षितिजापर्यंतचे अंतर, किलोमीटरमध्ये. दोन्ही ठिकाणांची अंतरे मिळवली की पल्ला मिळतो.

- गाडीच्या टपावरची अँटेना, उंची २ मीटर : ५.८ किलोमीटर. म्हणून गाडी ते गाडी सुमारे १२ किलोमीटर.
- शाळेच्या गच्चीवरची अँटेना, उंची १० मीटर : १३ किलोमीटर. म्हणून गाडी ते शाळा सुमारे १९ किलोमीटर.
- डोंगरावरची अँटेना, उंची ५०० मीटर : ९२ किलोमीटर. म्हणून गाडी ते डोंगर सुमारे ९८ किलोमीटर.

तिसऱ्या ओळीवरून रिपीटर डोंगरावर किंवा उंच इमारतीवर का बसवतात ते कळते. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा बोलतो. दोन मीटर पट्ट्यात या दोहोंमध्ये साधारणपणे ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवतात. घिवलीची गाडी आणि मुंबईची गाडी एकमेकींना ‘दिसत’ नाहीत, पण उंचावरचा रिपीटर दोघींनाही दिसू शकतो.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे उदाहरणही विद्यार्थ्यांना आवडेल. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि त्यावरील अंतराळवीर हौशी रेडिओवर बोलतात ते १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर. बोईसरच्या इमारतींआड अडखळणारा साधा संचही त्यांचा आवाज पकडू शकतो, कारण मध्ये अडथळा नसतो.

वॅटचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की तरंगांची तीव्रता चौथा हिस्सा उरते. म्हणजे दुप्पट अंतरासाठी चौपट शक्ती हवी आणि दहापट शक्तीने अंतर वाढेल फक्त ३.२ पट, तेही मोकळ्या जागेत. क्षितिजाआड गेलेल्या गाडीसाठी तर वाढीव वॅटचा उपयोग आणखी कमी.

हॅम मंडळी हाच हिशेब डेसिबलमध्ये करतात. ५ वॅटचे ५० वॅट म्हणजे १० डेसिबलची वाढ. संचावरच्या ‘एस’ मापकाचा एक घर साधारण ६ डेसिबलचा मानतात. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मापकावर काटा दोन घरेही पुढे सरकणार नाही! २५ वॅटऐवजी ५० वॅटचा संच घेतला तर वाढ फक्त ३ डेसिबल, म्हणजे अर्धे घर.

एवढी शक्ती साध्या केबलमध्येही वाया जाऊ शकते. आरजी-५८ या पातळ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्‌झला दर मीटरला सुमारे ०.२ डेसिबल इतका ऱ्हास होतो. गाडीतल्या ५ मीटर केबलमध्ये १ डेसिबल गेला, म्हणजे ५० वॅटचे ४० उरले. गच्चीवर जाणाऱ्या २० मीटर केबलमध्ये ४ डेसिबल गेले, म्हणजे उरले फक्त २० वॅट. म्हणून संचाचे पैसे ठरवण्याआधी अँटेना आणि केबलचे पैसे बाजूला काढावेत. पाव तरंगलांबीची अँटेना तर सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीच्या सळीची असते आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही बनवता येते.

ऐकण्याची कसोटी

चांगला संच बोलण्यापेक्षा ऐकण्यात ओळखू येतो. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली संवेदनक्षमता. माहितीपत्रकात ‘१२ डेसिबल सिनाडला ०.२ मायक्रोव्होल्ट’ असे काहीसे लिहिलेले असते. अर्थ असा की एवढ्या क्षीण संदेशातही बोलणे खरखरीतून वेगळे ओळखू येते. अँटेनाच्या ५० ओहम रोधावर ०.२ मायक्रोव्होल्ट म्हणजे ८ × १०⁻¹⁶ वॅट. प्रक्षेपकाने सोडलेल्या ५० वॅटचा सुमारे ६ × १०¹⁶ वा भाग! आजच्या बहुतेक संचांची संवेदनक्षमता पुरेशी असते, म्हणून या आकड्यावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी निवडक्षमता. शेजारच्या वाहिनीवर, म्हणजे १२.५ किंवा २५ किलोहर्ट्‌झ पलीकडे, कोणी मोठ्याने बोलत असताना आपल्याला हवा तो क्षीण आवाज ऐकू येतो का?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जोरदार संदेश सहन करण्याची ताकद. दोन प्रबळ संदेश एकाच वेळी संचात शिरले की त्यांच्या मिश्रणातून तिसराच, हवेत कुठेही नसलेला संदेश तयार होऊ शकतो. पहिल्या वारंवारतेच्या दुपटीतून दुसरी वजा करा, म्हणजे या भुताचा पत्ता मिळतो. बोटींचे सागरी संच हाक मारण्यासाठी १५६.८ मेगाहर्ट्‌झ वापरतात. समजा, जवळच १५१.० मेगाहर्ट्‌झवर एखादा प्रक्षेपक चालू आहे. ३०२.० वजा १५६.८ बरोबर १४५.२. म्हणजे बंदरात उभ्या गाडीतला कच्चा संच १४५.२०० वर सागरी संभाषण ऐकवू लागेल, नेमके ज्या वेळी तिथे दुसरा हॅम मदत मागत असेल त्या वेळी. रिकाम्या माळावर उत्तम वाटणारा संच शहरात किंवा बंदरात निकामी ठरतो तो यामुळे.

बोलण्याची कसोटी

प्रक्षेपकाने नेमून दिलेल्या जागीच बोलावे, इतरत्र सांडू नये. १४५ मेगाहर्ट्‌झच्या दुपटीवर, म्हणजे २९० मेगाहर्ट्‌झवर, थोडी शक्ती नेहमीच निसटते. ती मूळ संदेशापेक्षा ६० डेसिबलने कमी असेल तर ५० वॅटच्या संचातून फक्त ५० मायक्रोवॅट बाहेर पडतील. अतिस्वस्त संच नेमके इथेच घसरण्याचा संभव असतो, आणि चालकाला ते कळतही नाही, त्रास दुसऱ्याला होतो. हे मोजायला वर्णपट विश्लेषक लागतो. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटना आपल्या प्रयोगशाळेत अशी मोजमापे करून ‘क्यूएसटी’ या मासिकात छापते. तसा अहवाल मिळाला तर जाहिरातीआधी तो वाचावा.

बॅटरी, तारा आणि उष्णता

५० वॅट सोडणारा संच १३.८ व्होल्टला सुमारे १०.५ अँपिअर घेतो, म्हणजे १४५ वॅट. उरलेल्या ९५ वॅटची उष्णता होते. मे महिन्यात, बंद गाडीत, आसनाखाली कोंबलेला संच लवकर तापतो आणि स्वतःची शक्ती कमी करतो. म्हणून पाच मिनिटे सलग बोलून नंतर शक्ती मोजावी.

तारांचा हिशेब ओहमच्या नियमाने करता येतो. बॅटरीपासून संच ४ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबे झाले. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध ०.१४ ओहम, म्हणून जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच गेले. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर फक्त ०.३६ व्होल्ट जातील. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने सांधे गंजतात, तोही रोधच.

वीज गेल्यावर संच किती वेळ चालेल? बॅटरीतून २० अँपिअर-तास वापरता येतात, दहा टक्के वेळ बोलणे आणि उरलेला वेळ ०.४ अँपिअरवर ऐकणे, असे धरू. ५० वॅटवर सरासरी १.४१ अँपिअर लागतील आणि संच १४ तास चालेल. शक्ती ५ वॅटवर आणली आणि बोलताना ४ अँपिअर लागले, तर सरासरी ०.७६ अँपिअर होऊन तोच संच २६ तास चालेल. वादळाच्या रात्री हे बारा तास मोलाचे. त्यामुळे शक्ती सहज कमी करता येणे हा संचाचा मोठा गुण समजावा.

वर्गासाठी प्रयोग

प्रक्षेपणासाठी परवाना लागतो. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. परवान्याच्या श्रेणीनुसार शक्तीची मर्यादा असते आणि सागरी वाहिन्यांवर हौशी चालकाला बोलता येत नाही. म्हणून पुढील प्रयोग परवानाधारक हॅमच्या मदतीनेच करावा.

१. शाळेच्या गच्चीवर एक संच ठेवा. गाडीत दोन संच घ्या, पण अँटेना, केबल आणि बॅटरी एकच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

२. घिवली, तारापूर, बोईसर, पालघर अशा ठरलेल्या जागी थांबून दोन्ही संचांवरून तेच वाक्य बोला. आधी पूर्ण शक्तीवर, मग कमी शक्तीवर.

३. गच्चीवरच्या विद्यार्थ्यांनी स्पष्टतेला १ ते ५ गुण द्यावेत आणि ‘एस’ मापकाचे वाचन लिहावे. कोणता संच चालू आहे हे त्यांना सांगू नये.

४. आता अँटेना बदला, संच तोच ठेवा आणि सगळे पुन्हा करा.

५. अंतर आडव्या अक्षावर आणि गुण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. संच बदलल्याने फरक जास्त पडला की अँटेना बदलल्याने? वर काढलेली १९ किलोमीटरची मर्यादा आलेखात कुठे दिसते? ती आधीच लागली असेल तर वाटेत कोणते अडथळे होते, ते नकाशावर शोधा.