शंकेच्या वाटेने आलेली माणसे

१८५७ सालच्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी संध्याकाळी गर्दी जमत असे. एका बाजूला वेदोक्त धर्माचा कैवार घेणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. देव सर्वशक्तिमान आहे तर त्याने सैतान का होऊ दिला? निराकार देवाला पुत्र कसा? एकाने केलेले पाप दुसऱ्याच्या मरणाने कसे फिटते? ज्यांच्या कानांवर येशूचे नावच पडले नाही, त्यांची काय गती? त्या काळच्या मराठी वादांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात. आज दीडशेहून अधिक वर्षांनी एखाद्या ख्रिस्ती तरुणाला त्याचे कॉलेजातले मित्र जे विचारतात, ते याहून फारसे वेगळे नसते.

त्या किनाऱ्यावर उत्तरे द्यायला जॉर्ज बोवेन नावाचा एक अमेरिकन उभा असे. आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. हा माणूस तरुणपणी अकराएक वर्षे पक्का नास्तिक होता. ज्या मुलीशी लग्न ठरले होते ती वारली आणि तिचे बायबल त्याच्याकडे आले. ते तो वाचू लागला, पण केवळ तिची आठवण म्हणून. पुढे ग्रंथालयातून चुकून भलतेच पुस्तक हाती आले. ते विल्यम पेलीचे ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचे पुस्तक होते. चुकून आणलेले ते पुस्तक त्याने वाचायला घेतले आणि त्याची नास्तिकता डळमळू लागली. १८४८ साली तो मुंबईत आला. थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार नाकारला आणि १८८८ मध्ये मरण येईपर्यंत याच शहरात गरिबांच्या वस्तीत फकिरासारखा राहिला. विष्णुबुवांचे प्रश्न त्याला परके वाटले नसणार, त्यांतले कितीतरी त्याने आधी स्वतःलाच विचारलेले होते.

मराठी मुलखातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास वाचताना हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. आक्षेपांना टिकाऊ उत्तरे दिली ती आक्षेप स्वतः घेऊन पाहिलेल्या माणसांनी. ज्यांना कधी शंकाच आली नाही त्यांची पुस्तके छापली गेली, वाटली गेली आणि धूळ खात पडली.

या वाटेवरचे सर्वांत विलक्षण नाव म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण, न्याय आणि वेदान्तात मुरलेले. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताचे मंडन करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला, तेव्हा त्याच्या खंडनासाठी गोऱ्यांनी विशीच्या आत-बाहेर असताना ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्यांचे हल्ले वरवरचे नव्हते. पूर्वजन्म मानायचा नाही तर एक मूल आंधळे आणि दुसरे डोळस जन्माला येते, याचा न्याय कसा लावायचा? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती दुःख भोगतात? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या चुकांना अनंत काळाचा नरक, हा कुठला न्याय? माझ्या मते ख्रिस्ती मताविरुद्ध भारतात झालेल्या युक्तिवादांत हे सर्वांत धारदार आहेत, आणि ते करणाऱ्याचाच पुढे १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा झाला.

मिशनरींच्या चरित्रांत इथे सहसा गोष्ट संपते. गोऱ्यांची मात्र इथे सुरू होते. बाप्तिस्म्याच्या तोंडावरही ते मागे फिरू पाहत होते आणि नंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्यांनी १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून आपल्याच जुन्या दर्शनांची कसून चिकित्सा केली. अनादी कर्माची साखळी दुःखाचा उगम सांगत नाही, तो प्रश्न नुसता मागे मागे ढकलत नेते, हा कर्मसिद्धान्तावरचा आक्षेप आजही विचार करायला लावणारा आहे. पण दुसऱ्याच्या घरातली उणीव दाखवली म्हणून आपल्या घरातला प्रश्न सुटत नाही, हे त्यांच्याइतके कुणी जाणले नसेल. पुढे ते अँग्लिकन पाद्री झाले, काउली फादर्सच्या मठात उमेदवार म्हणून राहिले आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. शंका आणि प्रार्थना दोन्ही त्यांनी आयुष्यभर एकाच मनात वागवल्या. काही चरित्रकारांना हे त्यांचे वैगुण्य वाटते. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो, कारण गळा दाबून गप्प केलेली शंका कधी ना कधी दुप्पट जोराने उसळतेच.

याच गोऱ्यांच्या लिखाणाने पंडिता रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान झाले. आपल्या निवेदनात रमाबाईंनी ते ऋण मोकळेपणाने नोंदवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाई आणि चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा रमाबाईंचा पत्रव्यवहार प्रत्येक ख्रिस्ती धर्मशिक्षकाने वाचावा असा आहे. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथानेशियसच्या मतांगीकारातली विश्वास न ठेवणाऱ्यांवरची शापवाणी या साऱ्यांवर रमाबाई वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी अक्षरशः झगडतात. सिस्टर जेराल्डीनना त्यात गर्व दिसत होता. बीलबाईंनी मात्र त्या प्रश्नांची बूज राखली. एका धर्मसत्तेचे जोखड उतरवून आलेली ही विदुषी दुसऱ्या धर्मसत्तेपुढे मान तुकवायला तयार नव्हती. पुरुषांना तिने शिकवू नये असे मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी म्हटले, तेही तिला पटले नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत काय वाईट, असा तिचा सवाल होता. अंडे घातलेले पुडिंगही तिने कधी खाल्ले नाही. परका धर्म घेतला म्हणजे माणूस परका होतो, या आक्षेपाला तिने असे रोजच्या जगण्यातून उत्तर दिले.

दुःखाचा प्रश्न रमाबाईंना पुस्तकात भेटला नव्हता. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पटकीने नवरा. अशा बाईला कुणी देवाच्या योजनेवर प्रवचन द्यावे काय? ख्रिस्ती धर्माकडे दुःखाचे कारण सांगणारे सूत्र आहे, असे मला वाटत नाही. बायबलातला ईयोब देवाला जाब विचारतो. देव बोलतो, पण तुझी मुले का मेली ते सांगत नाही. नव्या करारातही स्पष्टीकरण नाही. तिथे क्रुसावरचा ख्रिस्त आहे, स्वतः टाहो फोडणारा. नैयायिकाच्या तराजूत हे उत्तर हलके पडेल, ते मी मान्य करतो. पण रमाबाईंनी पुढे १८९६ च्या दुष्काळातून शेकडो मुली केडगावात आणून वाढवल्या, तो या विश्वासाचाच पुरावा आहे. देव दुःखात उतरतो असे ज्याने मानले, त्याला दुःखितापासून लांब बसता येत नाही.

सेवेच्या आडून बाटवाबाटवी, हा आक्षेपही रमाबाईंना सोसावा लागला. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक बाहेर पडले आणि पुण्यात गदारोळ झाला. मुलींवर सक्ती नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दार मी लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ती सर्वांना पटावी असे नाही. शाळा, दवाखाना किंवा भाकर हातात असलेल्या माणसाच्या शब्दाला वजन येते आणि घेणाऱ्याचे ‘हो’ कितपत मोकळे असते, हा प्रश्न आपण ख्रिस्ती लोकांनी टाळू नये. दुष्काळाच्या वर्षांत नगर जिल्ह्यात जे बाप्तिस्मे झाले त्यांवर मिशनऱ्यांनी स्वतःच शंका घेतल्या होत्या. मात्र केवळ पोटासाठी धर्म घेतला म्हणणारे एक विसरतात: त्या माणसांना पोटापलीकडे मनही होते आणि गावकुसाबाहेर ठेवले जाण्याचा जाच त्यांना दुष्काळाआधीही होत होता.

हा धर्म परदेशी आहे, या आक्षेपाला इतिहासात उत्तरही आहे आणि कबुलीही. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टीतील राशोल येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या त्या मराठी ग्रंथात नवख्रिस्ती श्रोते शंका विचारतात आणि पाद्रीगुरू त्यांना उत्तरे देतो. म्हणजे मराठीतल्या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथातच विचारण्याला जागा होती. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि १६८४ मध्ये देशी भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. ज्या भाषेत माणूस शंका विचारतो ती भाषाच दाबली की उरते ते भय. ख्रिस्ताच्या नावाने झालेल्या त्या जुलमाचे समर्थन करण्यात ख्रिस्ती लेखणीने शाई खर्चू नये.

नारायण वामन टिळकांनी या आक्षेपाचे दुखणे ओळखले. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यातल्या गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते ‘देवाचा दरबार’ या आपल्या ख्रिस्तभक्तांच्या संघाच्या कामाला लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग निराळा. ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या शंका सिद्धान्ताच्या नाहीत, सोवळ्याच्या, पाण्याच्या, पंगतीच्या आहेत. जात देवाने केलेली नाही हे एकदा मनाला पटले आणि बाकीचे हळूहळू मागून आले. मला हा मार्ग टिळकांच्या मार्गापेक्षा कमी बौद्धिक वाटत नाही.

चमत्कार आणि विज्ञान यांवर इथे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर भरपूर लिहिले जाते. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, एवढे सांगूनही पुष्कळ गैरसमज दूर होतात. पुनरुत्थानाचे मात्र तसे नाही. ते खोटे असेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहून ठेवले आहे. ते पत्र घटनेनंतर पंचवीसएक वर्षांतले आहे, तेव्हाचे साक्षीदार जिवंत असताना लिहिलेले. शुभवर्तमाने रिकाम्या कबरीचे पहिले साक्षीदार म्हणून स्त्रियांची नावे देतात, तेही त्या काळी स्त्रीच्या साक्षीला किंमत नसताना. एवढ्याने सिद्धता होत नाही, पण ही रचलेली कथा आहे असे म्हणणाऱ्यावर उत्तर देण्याची जबाबदारी येते.

उरतो तो जातीचा आक्षेप. याला पुस्तकी उत्तर पुरत नाही. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. वेदांचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. ख्रिस्ती नियतकालिकाने तो छापला याचा आम्ही अभिमान बाळगतो. पण मंडळीत आल्यावर त्या सवालाचे काय झाले? धर्म बदलूनही अस्पृश्यांची अवस्था फारशी पालटली नाही, असे बाबासाहेब आंबेडकरांनी तपशिलाने लिहिले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यांच्या बाजूने सरकारकडे मागणी करताना आपल्याला जात आहे असे म्हणावे लागते, आणि चर्चमध्ये जात नाही असे सांगावे लागते. लग्न जुळवताना आडनाव आणि मूळ गाव का विचारले जाते, हे एखाद्या तरुण मुलीने रविवारच्या उपासनेनंतर पाळकांना विचारले, तर त्रैक्यावरची पन्नास पुस्तके उघडून उपयोग नाही. तिथे पाळकाने तिच्या घरी जायला हवे, मुलाकडच्या घरीही जायला हवे आणि दोन्ही घरांत तोच प्रश्न मोठ्याने विचारायला हवा.