चूक पोटात घालणारे लोखंड

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोर्जिंग आणि कास्टिंग यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तापलेला बिलेट डायमध्ये ठेवून ठोकला की फोर्जिंग, वितळलेला धातू साच्यात ओतला की कास्टिंग. आणि ज्या पार्टवर गाडीतल्या माणसाचा जीव अवलंबून आहे तो फोर्ज केलेलाच हवा, हे इथे ॲप्रेंटिसलाही ठाऊक असते. त्यामुळे इथला इंजिनिअर येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर जाऊ लागला, की ‘आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) घ्यायचे तर फोर्ज्डच’ हा गोल्फमधला जुना समज त्याला चटकन पटतो. माझ्या मते इथे तो आपल्याच धंद्यातला धडा चुकीच्या जागी लावतो. आयर्न खेळाडूची चूक किती पोटात घालेल आणि चेंडू किती ताब्यात राहील, हे धातू ठोकला की ओतला यावर फारसे ठरत नाही. वजन कुठे ठेवले आणि तळ कसा घडवला, यावर ते ठरते.

सात नंबरच्या आयर्नचे डोके साधारण 270 ग्रॅमचे असते आणि ते चेंडूला जेमतेम अर्धा मिलिसेकंद टेकते. फटका मध्यावर न बसता टोकाकडे बसला, तर तेवढ्या वेळात डोके आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते, ऊर्जा वाया जाते, चेंडू आखूड पडतो आणि दिशाही ढळते. हे वळणे रोखायचे तर वजन मध्यापासून दूर न्यावे लागते. फ्लायव्हीलचे वजन रिमकडे का ठेवतात, तेच इथले कारण. 20 ग्रॅम धातू गुरुत्वमध्यापासून एक सेंटिमीटरवर असेल तर जडत्वात त्याची भर 20 एककांची. तोच धातू साडेतीन सेंटिमीटरवर नेला की 245 एककांची. ग्रॅमभरही न वाढवता बारापट विरोध मिळतो, कारण अंतराचा वर्ग होतो. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेले, नॉर्वेत जन्मलेले इंजिनिअर कार्स्टन सोलहाइम यांनी 1959 मध्ये हे तत्त्व आधी पटरमध्ये वापरले आणि पुढे आपल्या ‘पिंग’ कंपनीच्या आयर्नच्या पाठीला खळगा करून धातू कडांकडे ढकलला. 1982 चे पिंगचे ‘आय-टू’ आयर्न त्याच वाटेवरचे. तसे आकार तेव्हा मेणाच्या साच्यातून ओतणे सोपे होते, म्हणून ती आयर्न कास्ट निघाली. तेव्हापासून ‘कास्ट म्हणजे नवशिक्याचे’ हा शिक्का बसला. गुण खळग्याचा होता, नाव पडले प्रक्रियेचे. आज फोर्ज केलेल्या डोक्यातही सीएनसीवर खळगा काढतात, आणि ते डोकेही तितकेच सांभाळून घेते.

आता आक्षेप. फोर्जिंगने ग्रेन फ्लो सुधारतो, धातू घट्ट होतो, हे खरेच आहे. 1961 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जसारख्या कंपन्यांचा क्रँकशाफ्टचा धंदा याच गुणावर उभा आहे. पण क्रँकशाफ्टला कोट्यवधी वेळा उलटसुलट ताण सोसायचा असतो, आणि ग्रेन फ्लोची खरी कमाई तिथे, फटीगमध्ये आहे. आयर्नच्या डोक्याला तसा ताण आयुष्यात येत नाही. राहिला मऊ ‘फील’. तो हातापेक्षा कानाला अधिक येतो, असे खेळाडूंवर केलेल्या चाचण्यांतून दिसले आहे. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातले काम त्यांत ठळक. फोर्जिंगचा एक फायदा मात्र निखालस आहे आणि दुकानात त्याची वाच्यता कमी होते: फोर्ज केलेले डोके सहसा मऊ कार्बन स्टीलचे असते, त्यामुळे बेंचवर धरून लॉफ्ट (तोंडाचा कल) आणि लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) अंश-दोन अंश वाकवता येतात. कास्टिंगसाठी सर्रास वापरले जाणारे सेव्हन्टीन-फोर स्टेनलेस त्या बाबतीत हट्टी. ज्याला आपल्या उंचीप्रमाणे क्लब जुळवून घ्यायचा आहे, त्याने एवढ्यासाठी जास्त पैसे मोजले तर ते वाजवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यावसायिक खेळाडू ब्लेड, म्हणजे खळगा नसलेली सडपातळ आयर्न, वापरतात ते काय उगाच? उगाच नाही. पण इथे दोन वेगळ्या चुका एकाच पिशवीत टाकल्या जातात. वाढलेले जडत्व जागा चुकलेला फटका सावरते. आघाताच्या क्षणी तोंड तीन अंश उघडे राहिले असेल, तर त्याला जगातला कुठलाही खळगा माफ करत नाही. शिवाय सांभाळून घेणाऱ्या आयर्नमध्ये गुरुत्वमध्य खाली आणि मागे असतो, चेंडू आपोआप उंच उडतो. त्याचा फायदा घेऊन कंपन्या लॉफ्ट कमी करतात. ब्लेडचा सात नंबर 34-35 अंशांचा, तर या आयर्नचा 28-30 अंशांचा. क्रमांक तोच ठेवून अंतर विकण्याची ही युक्ती आहे (तिला युक्तीच म्हणायला हवे). लॉफ्ट कमी म्हणजे सहसा फिरकी कमी, आणि फिरकी कमी म्हणजे ग्रीनवर चेंडू थांबवणे अवघड. या आयर्नचा रुंद तळही दुधारी आहे: पावसाळ्यात भिजलेल्या मातीत तो रुतत नाही, पण मेमध्ये वाळून टणक झालेल्या जमिनीवर उसळतो आणि धार चेंडूच्या पोटावर आदळते. बारीक तळ आणि लहान डोके ज्याला हवे तसे वळवता येते, त्याच्या हातात ब्लेड म्हणूनच नियंत्रण देते. ज्याचा फटका दर वेळी वेगळ्या जागी बसतो, त्याचे अंतरच ठरत नाही, मग चेंडू डावीउजवीकडे वळवण्याची भाषा कशाला? म्हणूनच अनेक व्यावसायिक आता मिश्र संच वापरतात: चूक जास्त होते त्या लांब आयर्नना खळगा, आणि आठ-नऊ नंबर व पिचिंग वेज, जिथे चेंडू नेमका थांबवायचा असतो, तिथे ब्लेड.